जावास्क्रिप्टमधील मुक्तस्रोत विक्री-प्रणाली व वेब एपीआय : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. लाल मिरची, सातपुड्यातील आमचूर आणि भौगोलिक मानांकन लाभलेली नवापूरची तूरडाळ ही या जिल्ह्याची ओळख होय. देशातील पहिले आधार क्रमांकही २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली या गावी वितरित झाले. येथील एखाद्या बचत गटास अथवा शेतकरी उत्पादक कंपनीस आपला माल स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून विकावयाचा असल्यास कोणती प्रणाली निवडावी, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या निमित्ताने संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांपुढे येतो. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने काही मुक्तस्रोत प्रकल्पांची तुलना केली आहे.

संकल्पना

ऑनलाइन दुकानाचे दोन भाग असतात. ग्राहकास दिसतो तो दर्शनी भाग. तर साठा, दर, मागणी व देयके सांभाळतो तो मागील भाग. या दोहोंमधील देवाणघेवाणीची ठरलेली रीत म्हणजे वेब एपीआय. एपीआय नीट आखलेला असल्यास एकाच मागील भागावर संकेतस्थळ व मोबाइल ॲप दोन्ही चालू शकतात. १९९५ मध्ये ब्राउझरसाठी जन्मलेली जावास्क्रिप्ट २००९ मधील नोड.जेएसमुळे सर्व्हरवरही वापरता येऊ लागली. परिणामी एकच भाषा शिकून दोन्ही भाग लिहिणे विद्यार्थ्यांना शक्य झाले.

एपीआयसाठीचे प्रकल्प

एक्स्प्रेस हा २०१० पासूनचा प्रकल्प आकाराने लहान व शिकण्यास सोपा आहे. त्याची चौथी आवृत्ती २०१४ मध्ये व पाचवी २०२४ मध्ये आली. ही संथ गती उणीव वाटली, तरी जुने काम दीर्घकाळ चालते हा तिचा लाभ होय. मात्र आलेली माहिती तपासण्याची सोय एक्स्प्रेसमध्ये स्वतः जोडावी लागते. फास्टिफायमध्ये ती मूळचीच आहे : मागणीत नग ऋण संख्येत येऊ नयेत असा नियम आराखड्यात एकदा लिहिला की चुकीची मागणी दारातच नाकारली जाते. तथापि या दोहोंपैकी कोणताही प्रकल्प दुकान नव्हे. खरेदीची टोपली, सवलत, परतावा हे सर्व त्यांवर स्वतः लिहावे लागते.

दुकानासाठीचे प्रकल्प

मेडुसा व व्हेंड्युअर या प्रकल्पांत ही कामे तयार मिळतात. मेडुसा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर चालतो. व्हेंड्युअर नेस्टजेएसवर उभारलेला असून त्याचा एपीआय ग्राफक्यूएल पद्धतीचा आहे. तो पोस्टग्रेएसक्यूएलप्रमाणेच मायएसक्यूएलवरही चालतो. मालाचे नाव व वर्णन अनेक भाषांत ठेवण्याची सोय त्याच्या मूळ रचनेतच आहे. नवापूर रेल्वे स्थानक जेथे महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत विभागले आहे, त्या जिल्ह्यासाठी मराठी व गुजराती एकत्र नांदणे ही चैन नव्हे.

रकमेची हाताळणीही पाहण्याजोगी आहे. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ व ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. व्हेंड्युअर यावर रक्कम पैशांत, म्हणजे १२०.५० रुपये १२०५० असे, पूर्णांकात साठवतो. मेडुसाच्या २०२४ मधील दुसऱ्या आवृत्तीत रक्कम रुपयांतच लिहिली जाते. एका प्रणालीतील दरपत्रक दुसरीत जसेच्या तसे भरल्यास दर शंभरपट चुकतील.

परवाना व प्रकल्पाचे आयुष्य

मेडुसाचा एमआयटी परवाना जवळजवळ बंधनरहित आहे. व्हेंड्युअरने २०२४ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून जीपीएल स्वीकारला. केवळ स्वतःच्या सर्व्हरवर दुकान चालविणाऱ्या गटास जीपीएलनुसार बदललेली आज्ञावली जाहीर करावी लागत नाही. ती इतरांना वितरित करणाऱ्यास मात्र घेणाऱ्याला मूळ आज्ञावली द्यावी लागते.

परवान्याहून महत्त्वाचा प्रश्न देखभालीचा आहे. रिॲक्शन कॉमर्स हा एकेकाळचा गाजलेला प्रकल्प २०२० मध्ये मेलचिंप कंपनीने विकत घेतला आणि पुढे त्याचे काम थंडावले. मुक्तस्रोत आज्ञावली कोणी हिरावून घेत नाही. पण तिच्यातील सुरक्षेची भोके बुजविणारे कोणी उरले नाही, तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहते.

निष्कर्ष

एपीआयची तत्त्वे शिकविण्यासाठी एक्स्प्रेस अथवा फास्टिफाय योग्य ठरतात. जेथे खरे ग्राहक व खरा पैसा आहे, तेथे विद्यार्थ्याने शून्यातून लिहिलेल्या दुकानापेक्षा मेडुसा वा व्हेंड्युअर हितावह होय. परंतु अंतिम वर्षाचा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन सुरत वा पुण्यास गेल्यावर दुकान कोण सांभाळणार, याचे उत्तर कोणत्याही प्रकल्पाच्या वैशिष्ट्यांच्या यादीत सापडत नाही. म्हणून आवृत्ती अद्ययावत करणे, माहितीची प्रत राखणे व मराठीतून कार्यपुस्तिका लिहिणे ही कामे विभागाने पुढील तुकडीकडे रीतसर सोपविली पाहिजेत. तशी व्यवस्था नसेल, तर गटास दुकान उभारून न देणेच अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.