पहिले अठ्ठावीस दिवस घरचेच

नवजात बाळांच्या मृत्यूची चर्चा निघाली की आपले डोळे आपोआप दवाखान्याकडे वळतात. खाटा किती, बालरोगतज्ज्ञ आहेत का, अतिदक्षता कक्षातले व्हेंटिलेटर चालू आहेत की धूळ खात पडलेत, हे प्रश्न विधिमंडळातही गाजतात आणि वर्तमानपत्रांतही. ते रास्तच आहेत. पण नवजात हा शब्द आपण ज्या २८ दिवसांसाठी वापरतो, त्यांतले दोन-तीन दिवसच बहुतेक बाळे दवाखान्यात काढतात. उरलेले दिवस बाळंतिणीच्या खोलीत, आजीच्या देखरेखीखाली, दुपट्यात गुंडाळलेल्या अवस्थेत जातात. त्या खोलीत शिरण्याची रीत गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरीस घालून दिली. ‘घरोघरी नवजात बाळसेवा’ या नावाने ती जगभर ओळखली जाते आणि तिचे कौतुक बहुतेक वेळा खेड्यातल्या बाईने दिलेल्या इंजेक्शनापाशी येऊन थांबते. माझ्या मते ते इंजेक्शन हा या पद्धतीचा सर्वांत लक्षवेधी भाग आहे, सर्वांत मोलाचा नव्हे. मोल आहे ते त्याच घरी पुन्हा पुन्हा जाण्याला. देशभर नेताना पद्धतीतल्या नेमक्या याच कामाची किंमत कमी धरली गेली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, तेव्हा जिल्हा होऊन चारच वर्षे झाली होती. बालमृत्यूंचा माग काढताना त्यांना आधी न्यूमोनिया दिसला. बाळाचे श्वास मिनिटाला किती, हे मोजता आले तर न्यूमोनिया ओळखता येतो. पण सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? म्हणून एका लाकडी चौकटीत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ बसवली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला औषध सुरू करायचे. न्यूमोनियाच्या मृत्यूंना अशी खीळ बसू लागल्यावर पुढचा डोंगर दिसला: मरणारी बहुसंख्य बाळे महिन्याच्या आतली होती. त्या काळी तिथली जवळजवळ सगळी बाळंतपणे घरीच होत, दहापैकी चार बाळांचे जन्मवजन अडीच किलोंच्या खाली असे, आणि आजारी तान्ह्याला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात जा म्हटले की घरचे नकार देत. तो नकार निव्वळ अडाणीपणाचा नव्हता. रस्ता, पैसा, ओल्या बाळंतिणीची अवस्था आणि दवाखान्यात मिळणारी वागणूक, हा सगळा हिशोब त्यात होता.

१९९५ पासून ३९ गावांत प्रत्यक्ष सेवा सुरू झाली. गावातलीच, पाचवी ते दहावी शिकलेली बाई निवडायची, तिला टप्प्याटप्प्याने शिकवायचे आणि ‘आरोग्यदूत’ म्हणून कामाला लावायचे. तिच्या पिशवीत थर्मामीटर, झोळी अडकवायचा स्प्रिंगचा वजनकाटा, घशातला चिकटा ओढून काढायची नळी, श्वास द्यायची पिशवी आणि मास्क, ऊबदार कापडी झोपपिशवी, सिरिंज आणि जेंटामायसिन हे प्रतिजैविक. गरोदरपणातच तिची घरी ये-जा सुरू होई. बाळंतपणाच्या वेळी ती सुईणीच्या जोडीला हजर राही. सुईण आईकडे बघे, आरोग्यदूत बाळाकडे. मग पहिल्या दिवसापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत आठ-दहा फेऱ्या. दरवेळी हात धुऊन बाळाला झोळीत घालायचे, काट्यावरचा आकडा वहीत लिहायचा, ताप बघायचा, आई पाजते कशी ते शेजारी बसून पाहायचे. पहिले चिकाचे दूध पिळून टाकायचा रिवाज मोडायला सासूशी वाद घालून भागत नाही. जन्मल्यावर तासाभरात तिथे असावे लागते.

जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी सर्चने ठरवलेली लक्षणे पुन्हा पुन्हा जाण्याच्या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहेत. ती सात आहेत आणि त्यांतली कोणतीही दोन दिसली की सेप्सिस धरून चालायचे. बेंबीत किंवा कातडीवर पू, छाती आत ओढली जाणे किंवा कण्हणे, पोट फुगणे किंवा सततची उलटी, अंग गार किंवा गरम लागणे, ही कुणीही पहिल्या भेटीत टिपेल. पण उरलेली तीन वेगळ्या जातीची आहेत: आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे, आधी नीट ओढणाऱ्या बाळाने दूध ओढणे सोडणे, आधी चलाख असलेले बाळ मलूल पडणे. इथे बाळाची तुलना त्याच बाळाच्या कालच्या अवस्थेशी आहे. शहरातला निष्णात डॉक्टर बाळाला पहिल्यांदाच पाहत असेल, तर ही लक्षणे त्याला आईला विचारावी लागतात. आरोग्यदूताने परवा ते रडणे स्वतः ऐकलेले असते. रक्ततपासणीशिवाय निदान करण्याची ही युक्ती चालते, कारण भेटी आधी झालेल्या असतात. फेऱ्या वगळून नुसती लक्षणांची यादी भिंतीवर लावली, तर यादीचा जवळपास निम्मा भाग निकामी होतो.

निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सेवा दिलेल्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती, ती तिसऱ्या वर्षी २५.५ वर आली. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा होती. तिथला आकडा ५८ वरून ६० झाला. पुढे सर्चनेच कोणत्या कामामुळे किती मृत्यू टळले याची फोड केली. सेप्सिसच्या उपचाराचा वाटा साधारण एकतृतीयांश निघाला. कमी वजनाच्या बाळांना ऊब देणे, पाजणे, जपणे याचा वाटाही जवळजवळ तेवढाच निघाला.

यावर पहिला आक्षेप संशोधकांचा: गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि एका ध्येयवेड्या संस्थेने आपल्या नजरेखाली मिळवलेले यश दुसरीकडे मिळेल कशावरून? आक्षेपात तथ्य आहे, आणि तुलनेच्या गावांशी ताडून निघालेली ६२ टक्क्यांची घट सगळीकडे जशीच्या तशी मिळाली नाही. पण नंतरचे पुरावे पद्धत खोटी ठरवत नाहीत. बांगलादेशातल्या सिल्हेट भागात चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत घरभेटींच्या गटात मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. उत्तर प्रदेशातल्या शिवगढमध्ये तर कार्यकर्त्यांच्या हाती प्रतिजैविके नव्हतीच. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणे, लवकर पाजणे, नाळेची स्वच्छता यांसाठी घरोघर जाऊन केलेल्या कामातून मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले. इंजेक्शनाला दुय्यम स्थान मी देतो ते या पुराव्यावरून. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी पहिल्या आठवड्यातल्या घरभेटींची संयुक्त शिफारस केली.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा होता आणि तो जास्त तिखट होता: दहावीही न झालेल्या बाईच्या हाती सुई द्यायची म्हणजे जिवाशी खेळ. पण सर्चच्या पद्धतीत आधी दवाखान्यात न्या असेच सांगितले जाई. घरच्यांनी नकार दिला की त्यांची संमती घेऊन सात ते दहा दिवस उपचार होत. म्हणजे तुलना आरोग्यदूत आणि डॉक्टर यांच्यात नव्हतीच, ती आरोग्यदूत आणि काहीच नाही यांच्यात होती. त्या तुलनेत सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून तीनच्या आत आले. हे काम देशभर नेताना सरकारने मात्र आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, हाती सुई दिली नाही. २०१४ मध्ये एएनएमना, म्हणजे सरकारी परिचारिकांना, दवाखाना गाठणे शक्य नसेल तेव्हा, जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. ही तडजोड मला मान्य होण्याजोगी वाटते, अट एवढीच की लक्षण ओळखणारे कुणीतरी वेळेवर त्या घरात असले पाहिजे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. २०२० मध्ये राज्याचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता, देशाचा २०. मग घरभेटींचे कौतुक आता कशाला? काही अंशी हे खरे आहे. जन्मताच गुदमरणारे किंवा फार आधी जन्मलेले बाळ वाचवणे हे दवाखान्याचेच काम आहे, तिथे झोपपिशवी पुरी पडत नाही. पण दीड-दोन किलोंचे बाळ दवाखान्याच्या अतिदक्षता कक्षातून एक दिवस घरी येतेच, आणि नेमके तेव्हाच त्याच्यावरची नजर हटते. शिवाय राज्याची सरासरी मेळघाट, नंदुरबार किंवा खुद्द गडचिरोली यांच्याबद्दल काही सांगत नाही. केंद्राने २०१८ मध्ये घरभेटी पंधराव्या महिन्यापर्यंत वाढवल्या, वरचे अन्न, वजन, लसी आणि खेळणे-बोलणे यांसाठी. जगलेले बाळ वाढायलाही हवे, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र आहे.

या फेऱ्यांची अडचण मोबदल्यात आहे. २०११ मध्ये हा कार्यक्रम देशभर आशांकडे आला, तेव्हा दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा भेटी आणि घरच्या बाळंतपणानंतर सात, असे ठरले. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. आशा ही कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे, या सोयीच्या समजुतीवर हा दर बेतलेला होता. सहा रकाने एकाच दुपारी, एकाच पेनाने भरले जातात अशी तक्रार वरचे अधिकारी करतात तेव्हा हा दर सहसा बोलण्यात येत नाही. त्यातही मूळ सूचनांत पैसे देण्याच्या अटी होत्या: जन्मवजनाची नोंद, लसींची नोंद, जन्मनोंदणी, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघे सुखरूप असणे. पहिल्या तिन्ही समजण्यासारख्या आहेत. चौथी अट वाचताना प्रश्न पडतो, की ती लिहिणाऱ्याने कमी वजनाच्या बाळाचे घर पाहिले होते का. अशा घरी आशाताईला ठरल्यापेक्षा जास्त फेऱ्या माराव्या लागतात, रात्री-अपरात्री बोलावणे येते, आणि एवढे करून विसाव्या दिवशी बाळ गेले, तर कागदोपत्री तिची एकही भेट झालेली नसते.