ध्वनी बदलतात, पण नियमाने

दूधगंगेच्या काठी वसलेल्या सदलग्यात आणि तेथून निपाणी-चिकोडीपर्यंतच्या सीमाभागात मराठी शाळांतील वह्यांवर तांबड्या शाईच्या काही खुणा ठरलेल्या असतात. मुलाने ‘पानी’ लिहिले की ‘न’ खोडून ‘ण’. ‘येळ’ लिहिले की ‘वेळ’. ‘इचार’ लिहिले की ‘विचार’. खुणेबरोबर एखादे वाक्यही मुलाच्या कानांवर पडते, की हे बोलणे गावंढळ आहे, जीभ जड आहे, किंवा कानडीच्या शेजाराने मराठी बाटली आहे. मूल वहीतील चूक सुधारते. परंतु आपल्या आईला बोलता येत नाही, असाही एक अर्थ ते मनाशी घेऊन घरी जाते. या आरोपात तथ्य किती, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रथम कानडीवरील आरोप घ्यावा. कानडीत ‘ण’ खणखणीत आहे. ‘हण्णु’ म्हणजे फळ, ‘कण्णु’ म्हणजे डोळा. शेजारच्या गल्लीतील कानडी मूल दिवसभर ‘ण’ उच्चारीत असते. शिवाय ‘ण’च्या जागी ‘न’ वऱ्हाडात व खानदेशातही ऐकू येतो. तेव्हा हा दोष शेजाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

आता आळसाचा आरोप. जीभ खरोखर आळसावली असती तर ती कोठेही घसरली असती. परंतु ज्या घरात ‘पानी’ म्हणतात त्याच घरात ‘लोनी’, ‘कोन’, ‘म्हनून’ असेच म्हणतात. ‘फळ’ आणि ‘बाळ’ यांतील ‘ळ’ मात्र तेथे शाबूत असतो. ‘वेळ’ची ‘येळ’ होते, ‘वेगळे’चे ‘येगळं’ होते, ‘विकत’चे ‘इकत’ आणि ‘वीस’चे ‘ईस’ होते. पण ‘वाट’ची ‘आट’ किंवा ‘वड’चा ‘अड’ कोणी करीत नाही. म्हणजे ‘व’ जातो तो केवळ ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांपूर्वी. ‘अ’ आणि ‘आ’ यांच्यापूर्वी तो टिकतो. न शिकलेला शेतकरी हा भेद हजार शब्दांत न चुकता पाळतो. याला आळस म्हणता येणार नाही. हा नियम आहे.

हाच ‘व’ एकदा युरोपच्या सर्वांत प्रतिष्ठित भाषेतूनही नाहीसा झाला आहे. संस्कृतातील ‘विंशति’ची ग्रीक बहीण डोरिक बोलीत ‘विकाति’ अशी होती. अथेन्सच्या ग्रीकमध्ये ती ‘एइकोसि’ झाली. संस्कृत ‘वचस्’ आणि ग्रीक ‘एपोस’, संस्कृत ‘वेद’ म्हणजे जाणतो आणि ग्रीक ‘ओइदा’ म्हणजे मी जाणतो, या जोड्यांतही ग्रीकने ‘व’ गमावलेला दिसतो. ग्रीकांचा नियम सीमाभागापेक्षा व्यापक होता. त्यांनी कोणत्याही स्वरापूर्वीचा ‘व’ सोडला. होमरच्या महाकाव्यांत हा वर्ण लिहिलेला नाही, तरी कित्येक ठिकाणी वृत्त त्याची जागा मोकळी ठेवते. अठराव्या शतकात रिचर्ड बेंटली या इंग्लिश पंडिताने ती रिकामी जागा ओळखली. ‘ईस रुपये’ म्हणणाऱ्या मुलाला हसणाऱ्याने ‘एइकोसि’ म्हणणाऱ्या प्लेटोलाही हसले पाहिजे.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात मांडले. ही साम्ये योगायोगाची नसून तिन्ही भाषांचा उगम एक असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु नाते केवळ सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते फरकांच्या शिस्तीने. संस्कृत ‘सप्त’ तेथे ग्रीक ‘हेप्ता’. संस्कृत ‘सम’ तेथे ‘होमोस’. संस्कृत ‘सर्प’ तेथे सरपटणाऱ्या प्राण्याला ‘हेर्पेतोन’. शब्दारंभी स्वरापूर्वी ‘स’ आला की ग्रीकमध्ये ‘ह’ ठरलेला. इराणी भाषांनीही हीच वाट धरली. ‘सिंधु’चे ‘हिंदु’ आणि ‘सप्त’चे ‘हफ्त’ झाले. फारसीतील सात दिवसांचा ‘हफ्ता’ मराठीत ‘हप्ता’ होऊन आला. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या आणि सात नोटा मोजणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी एकच मूळ शब्द दोन वाटांनी येऊन पोहोचलेला असतो. मराठीनेही ‘दश’चे ‘दस’ आणि पुढे ‘दहा’ करताना ‘स’चा ‘ह’ केलाच आहे.

सदलग्याच्या माणसाला असा बदल पाहण्यासाठी ग्रीसपर्यंत जाण्याचे कारण नाही. कानडी शेजारी दुधाला ‘हालु’ म्हणतो. तमिळमध्ये दूध ‘पाल्’, तेलुगूत ‘पालु’. वाघ तमिळमध्ये ‘पुलि’, कानडीत ‘हुलि’; दहा तमिळमध्ये ‘पत्तु’, कानडीत ‘हत्तु’; खेडे तेथे ‘पळ्ळि’, येथे ‘हळ्ळि’. जुन्या कानडीतही ‘प’च होता. सुमारे दहाव्या शतकापासून तो हळूहळू ‘ह’ होत गेला. प्रसिद्ध होयसळ राजघराण्याचे नाव जुन्या शिलालेखांत ‘पोय्सळ’ असे आढळते. संस्कृतातून फार पूर्वी आलेले ‘पर्व’ या लाटेत सापडून ‘पब्ब’ आणि मग ‘हब्ब’ झाले, म्हणजे सण. ‘पुस्तक’ मात्र ग्रांथिक शब्द म्हणून लाटेबाहेर राहिले. या बदलाला कोणी कानडीची अवनती म्हणत नाही.

आता मराठीच्या स्वतःच्या घरात यावे. सीमाभागाच्या नावातील ‘सीमा’ हा शब्द संस्कृत. त्याचेच मराठी अपत्य ‘शीव’. गावाची शीव ती हीच, आणि मुंबईचे शीवही तिचेच नाव सांगते. ‘सीमा’ची ‘शीव’ होताना दोन नियम लागले. पहिला, दोन स्वरांमधील ‘म’चा ‘व’. त्याच नियमाने ‘ग्राम’चे गाव, ‘नाम’चे नाव, ‘कोमल’चे कोवळा, ‘भ्रमर’चा भोवरा झाला. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या प्रसिद्ध मराठी लेखात ‘चामुंड’ हे नाव ‘चावुंड’ असे कोरले आहे. कानडीतही ते तसेच उच्चारीत. हा उच्चार शीव ओलांडून दोन्हीकडे नांदत होता.

दुसरा नियम अधिक सूक्ष्म आहे. श्रोत्यांनी ‘सी’ आणि ‘सा’ हे दोन उच्चार सावकाश करून पाहावेत. ‘ई’साठी जीभ टाळूकडे उचलली जाते आणि आधीच्या ‘स’लाही ती आपल्याबरोबर वर ओढते. म्हणून मराठीत ‘इ’ व ‘ए’ यांच्यापूर्वी ‘स’चा ‘श’ झाला. ‘सीमा’ची शीव, ‘सिंदूर’चा शेंदूर, ‘सीव्यति’पासून शिवणे. इतर स्वरांपूर्वी उलट मूळचा ‘श’ही ‘स’ झाला. ‘श्वश्रू’ची सासू, ‘शुष्क’चा सुका, ‘श्यामल’चा सावळा. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, ज्या दोन स्वरांनी प्रमाण मराठीतील ‘शीव’ घडविली, तेच ‘इ’ आणि ‘ए’ आज ग्रामीण बोलीतील ‘व’ गिळीत आहेत. पहिल्या बदलास व्याकरणात मान मिळाला, दुसऱ्यास तांबडी शाई मिळाली. दोहोंची जात एकच आहे.

नियम नुसते असतात असे नाही. त्यांना क्रमही असतो. संस्कृत ‘काल’ म्हणजे समय. त्याचा मराठीत ‘काळ’ झाला. ‘कल्य’पासून प्राकृतात ‘कल्ल’ आणि मराठीत ‘काल’ आले, म्हणजे मागला दिवस. तसेच ‘फल’चे फळ, पण ‘फुल्ल’चे फूल. दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि दुहेरी ‘ल्ल’ एकेरी होऊन ‘ल’ राहिला. आता क्रम पाहावा. एकेरीचा ‘ळ’ होणे ही घटना आधीची आणि दुहेरी एकेरी होणे नंतरची असली पाहिजे. क्रम उलटा असता तर मागला दिवसही ‘काळ’ झाला असता आणि बागेत ‘फूळ’ उमलले असते. ज्या शतकांचा लेखी पुरावा अपुरा आहे, त्यांतील घटनांचा अनुक्रम दोन साध्या शब्दांवरून असा लावता येतो.

एखाद्या विद्वानाने ग्रीकची कल्पित धाकटी बहीण रचावयाची ठरविली, तरी त्याला याच मार्गाने जावे लागेल. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनी आपल्या कथांसाठी भाषा निर्मिल्या, तेव्हा त्यांनी नुसते शब्द रचले नाहीत. मूळ रूपे कल्पून त्यांवर ध्वनिनियम क्रमाने चालविले. म्हणून त्या भाषा जिवंत वाटतात. मनमानी केलेला बदल कल्पित भाषेतही खोटा दिसतो. मग खऱ्या भाषेतील बदल मनमानीचा कसा असेल?

नियमास अपवाद दिसतात, हे खरे. परंतु अपवादामागे बहुधा दुसरा नियम उभा असतो. याकोब ग्रिम यांनी १८२२ साली दाखविले की, संस्कृत-ग्रीकमधील ‘त’ जर्मानिक भाषांत ‘थ’सारखा घर्षक ध्वनी होतो. पण ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ यांत ‘त’ एकच असता जर्मनमध्ये ‘फाटर’ आणि ‘ब्रूडर’ अशा दोन वाटा का फुटाव्या? डेन्मार्कच्या कार्ल वेर्नर यांनी १८७७ साली उत्तर दिले. वैदिक उच्चारात ‘पिता’चा स्वराघात शेवटी आहे, ‘भ्राता’चा आरंभी. घात सरकला की ध्वनीची वाट बदलते. जर्मनांच्या घरातील कोडे वैदिकांच्या पठणाने सुटले. पुढच्याच वर्षी ओस्टहोफ आणि ब्रुगमान यांनी ध्वनिनियम निरपवाद असतात असा सिद्धांत मांडला. मराठीला ही कसोटी झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने आपल्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सविस्तर लावली.

नियम एका भाषेचे आणि एका काळाचे असतात, हेही ध्यानात ठेवावे. १९४६ साली सदलग्यात जन्मलेले जैन आचार्य विद्यासागर यांनी ‘मूकमाटी’ हे हिंदी महाकाव्य लिहिले. त्या नावातील ‘माटी’ आणि मराठी ‘माती’ या दोघी एकाच ‘मृत्तिके’च्या लेकी. एकीकडे ‘ऋ’च्या सहवासाने ‘त’चा ‘ट’ झाला, दुसरीकडे ‘त’ राहिला. शुद्ध कोणती आणि अशुद्ध कोणती, हा प्रश्नच येथे गैरलागू ठरतो.

लेखन या सर्वांच्या मागून चालते. कॅथलिक उपासनेत ‘एलेइसोन’ हा ग्रीक शब्द येतो; त्याचा अर्थ ‘दया कर’. त्यातील ‘इ’ प्राचीन काळी दीर्घ ‘ए’ होती. ग्रीक लोक ते अक्षर आजही पूर्वीप्रमाणेच लिहितात, उच्चार मात्र ‘इ’ करतात. मराठीतही ‘चारा’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ एकच लिहितात, पण बोलताना ते दोन आहेत. जुन्या ‘च्यारि’तील ‘य’ लोपला, तरी त्याचा तालव्य स्पर्श ‘चार’मध्ये राहिला आहे.

यावरून शाळेने ‘पाणी’ शिकवू नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. निपाणीच्या मुलाचे पत्र नागपुरात वाचता यावे, यासाठी लेखनाचे एक सामाईक वळण हवेच. मूल ते शिकेल आणि त्याने ते शिकलेच पाहिजे. प्रश्न आहे तो सांगण्याच्या रीतीचा. ‘घरी येळ म्हणतात, पुस्तकात वेळ लिहितात’ असे सांगणारा शिक्षक मुलाला दोन भाषारूपांचा धनी करतो. ‘तुमचे बोलणे अशुद्ध’ असे सांगणारा त्याच्याजवळचे एक रूप हिरावून घेतो, आणि शास्त्राच्या दृष्टीने चुकीचेही सांगतो.

‘पाणी’ हा शब्दच याचा साक्षीदार आहे. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’. त्यात ‘न’ आहे. लोकांच्या तोंडी त्याचा ‘ण’ झाला, तेव्हा संस्कृतच्या कसोटीने तो अपभ्रंशच होता. वररुचीने मात्र ‘प्राकृतप्रकाशा’त त्याची निंदा केली नाही, ‘न’चा ‘ण’ होतो, असा नियम नोंदवून तो पुढे गेला. आज दूधगंगेकाठच्या मुलाच्या तोंडी तो ‘ण’ पुन्हा ‘न’ झाला आहे. जो ‘न’ तांबड्या शाईने खोडला जातो, तो दोन हजार वर्षांपूर्वी शुद्ध मानला जात होता. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे, तो वही तपासताना ‘ण’ लिहील खरा. पण त्या मुलाला आणि त्याच्या आईला नावे ठेवणार नाही.