सिकलसेल आणि शेतकामातील थकवा

पूर्व विदर्भात रोवणी सुरू झाली की घरातील प्रत्येक हाताला काम असते. अशा वेळी एखादी सून किंवा तरुण मुलगा तासाभरातच बांधीतून बाहेर येऊन धुऱ्यावर बसतो आणि बोलणी सुरू होतात. अंगचोर आहे, कामाचे नाव काढले की हिचे हातपाय दुखतात, असे सगळ्यांदेखत म्हटले जाते. ही बोलणी ज्यांच्या वाट्याला येतात त्यांच्यापैकी काहींना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट तसेच नंदुरबारच्या सातपुडा भागात या आजाराचे रुग्ण आढळतात. यातील सांधेदुखीची व हाडांतील कळांची माहिती आता बऱ्याच गावांत आहे. थकव्याला मात्र अजूनही आळसच समजले जाते.

थकवा कशामुळे येतो?

निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असून सुमारे 120 दिवस जगतात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात, फुटतात आणि साधारण 10 ते 20 दिवसांतच संपतात. हाडांतील मगज रात्रंदिवस नव्या पेशी तयार करतो, तरी तूट भरून निघत नाही. प्रौढ स्त्रीच्या रक्तात हिमोग्लोबिन 12 ग्रॅम व पुरुषाच्या रक्तात 13 ग्रॅम तरी असावे. या रुग्णांत ते पुष्कळदा 7 ते 10 ग्रॅमच भरते. पेशी घडविण्याच्या या कामातच शरीराची बरीच शक्ती खर्च होते. म्हणजे रुग्ण नुसता बसलेला असला तरी त्याचे शरीर राबतच असते.

दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. या आजारात मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते. त्यामुळे लघवी जास्त होते, रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते, त्यातच अंग दुखते आणि झोप मोडते. पहाटे उठतानाच माणूस दमलेला असतो. मात्र रात्री उठावे लागते म्हणून पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे. पाणी कमी पडले की पेशी अधिक वाकड्या होतात आणि कळा सुरू होतात. पाण्याचा मोठा वाटा दिवसा घ्यावा, सायंकाळी थोडा कमी करावा, पण तोडू नये. डॉक्टरांनी पाणी कमी पिण्यास सांगितले नसेल तर प्रौढ रुग्णाने दिवसाला 3 ते 4 लिटर पाणी प्यावे.

येथे रुग्ण व वाहक यांतील फरक समजून घ्यावा. आई व वडील या दोघांकडूनही दोष आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. वाहक व्यक्ती सतत थकत असेल तर लोहाची कमतरता किंवा हिवताप असे दुसरे कारण शोधावे.

शक्तीची पाळी लावावी

उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी असते तेव्हा आपण मोटार सलग चालवीत नाही. तासभर उपसा करतो आणि झरे भरू देतो. सिकलसेलच्या रुग्णाची शक्ती अशीच वापरावी लागते. अर्धा-पाऊण तास काम, मग दहा-पंधरा मिनिटे सावलीत बसणे व पाणी पिणे, अशी पाळी ठरवून घ्यावी. थकवा आल्यावर थांबण्यापेक्षा थकवा येण्याआधी थांबणे महत्त्वाचे. बरे वाटते म्हणून एका दिवसात दोन दिवसांचे काम उरकले तर पुढचे तीन-चार दिवस खाटेवर जातात, हा अनुभव बहुतेक रुग्णांना असतो. याउलट अजिबात हालचाल न करणेही बरे नाही. त्याने उरलीसुरली ताकद कमी होते.

कामाची वाटणी हंगामाच्या आधीच घरात बसून करावी. ऐन बांधीत वाद घालून ती होत नाही. थंड पाण्यात तासन्‌तास वाकून रोवणी करणे, पऱ्ह्यांचे ओझे वाहणे, धानाचे भारे उचलणे, भर उन्हात तेंदूपाने तोडणे ही कामे रुग्णाकडे देऊ नयेत. फवारणीही देऊ नये. अंगभर संरक्षक कपडे घालून उन्हात फिरताना घाम फार जातो. बियाणे निवडणे, भाजीपाल्याची रोपवाटिका, शेळ्या-कोंबड्यांची देखभाल, मजुरांचा हिशेब ही कामे बसून किंवा थांबत थांबत करता येतात. कापूस वेचायचाच असेल तर सकाळी ऊन चढण्याआधी वेचावा, व ओटी थोडी भरली की रिकामी करावी. पावसात भिजल्यास कपडे लगेच बदलावेत, आंघोळीला कोमट पाणी घ्यावे.

आहार व औषधे

नव्या पेशींसाठी फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यावी. तूरडाळ, हरभरा, अंडी, पालेभाज्या जेवणात असाव्यात. रक्त कमी आहे असे कळले की घरचे लोक लोहाच्या गोळ्या आणून देतात. हे तपासणीशिवाय करू नये. येथे मूळ दोष लोहाच्या कमतरतेचा नाही, आणि वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णात जादा लोह साठून यकृताला व हृदयाला अपाय होतो. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने पुष्कळ रुग्णांत कळांचे प्रमाण कमी होते व हिमोग्लोबिन वाढते. ते नियमित रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. दारू व तंबाखू वर्ज्य. विशेषतः दारूने शरीरातील पाणी कमी होते, हे मोहफुलांच्या मुलखात सांगणे भाग आहे.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झाले असून त्यात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. त्यानुसार प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

हा नेहमीचा थकवा नव्हे

एक-दोन दिवसांत एकाएकी खूप अशक्तपणा येऊन ओठ व नखे पांढरी पडणे, दम लागणे, छातीत दुखणे, ताप येणे, डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे होणे, हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे, ही लक्षणे दिसल्यास विश्रांती देऊन वाट पाहू नये. लहान मुलाच्या पोटात डाव्या बाजूस बरगडीखाली फुगवटा लागला तर रक्त प्लीहेत साठत असण्याचा संभव असतो, आणि त्यात काही तासही महत्त्वाचे असतात. रोवणी अर्धी राहिली तरी चालेल. रुग्णाला त्याच वेळी दवाखान्यात न्यावे, आणि सिकलसेल असल्याचे तेथे पोहोचताच सांगावे.