चित्र, यंत्र आणि आवाज : गिरगाव-दादरच्या एका जुन्या विद्यार्थ्याची शिकवण

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एकच चर्चा सुरू होते, पुढे काय? डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, डी.एड. ही नावे घेताना अम्मी-अब्बांना अडचण वाटत नाही. पण मुलगा किंवा मुलगी म्हणाली, "मला मल्टिमीडिया करायचे आहे," की घर गप्प होते. हे कसले शिक्षण? थोडी चित्रे, थोडी फिल्म, थोडे डिझाइन, थोडे आवाजाचे काम. यातून रोजी कशी मिळणार? आणि फिल्मचे नाव निघाले की इज्जतीचा प्रश्नही येतोच.

हे प्रश्न रास्त आहेत. आई-बापांनी ते विचारलेच पाहिजेत. पण हे शिक्षण काल-परवाचे, कॉम्प्युटरने आणलेले खूळ आहे, अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. आपल्याच मुंबईत, गिरगाव आणि दादरच्या गल्ल्यांत, शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हे सगळे विषय शिकून एका जागी आणले होते. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. त्यांची ओळख आपण 'पहिला चित्रपट काढणारे' एवढीच ठेवली आहे. आज आम्ही त्यांच्याकडे विद्यार्थी म्हणून पाहणार आहोत.

एक विद्यार्थी, अनेक हुनर

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. शास्त्र्याच्या मुलाने पोथी हाती घ्यावी, अशी त्या काळची रीत. पण मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता, आणि १८८५ साली, पंधराव्या वर्षी, तो सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली ही संस्था आजही सीएसएमटीजवळ उभी आहे.

पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी रंगकाम, मूर्तिकाम, वास्तुकला आणि फोटोग्राफी शिकून घेतली. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण तो चालला नाही. पुरातत्त्व खात्यात नकाशे-चित्रे काढण्याची नोकरी केली. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले. नाटकांचे पडदे रंगवले. राजा रविवर्म्याच्या चित्रांची छपाई होत असे त्या कामात शिरले. पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हा छापखाना नावारूपाला आणला. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसले आणि छापखानाही सुटला.

शेजारपाजारच्या लोकांना हा माणूस धरसोड करणारा वाटला असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. चाळिशी आली तरी एक धंदा धड नाही! पण यातले प्रत्येक काम पुढे उपयोगी पडले. चित्रकलेतून दृश्याची मांडणी आली, फोटोग्राफीतून प्रकाशाची समज आली, छपाईतून रसायनांचा अंदाज आला आणि जादूतून ट्रिक सीन आले. आज मल्टिमीडियाच्या अभ्यासक्रमात असेच वेगवेगळे विषय तीन-चार वर्षांत शिकवतात. फाळक्यांना त्यासाठी पंचवीस वर्षे लागली.

दादरचे घर

१९११ साली गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि चित्रपट काढण्याचे वेड डोक्यात शिरले. पैसा नव्हता. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तिथल्या जाणकारांकडून काम समजून घेतले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून परत आले.

पण भांडवल देणाऱ्यांना विश्वास कसा पटवायचा? त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले. कॅमेरा एका जागी ठेवून रोज थोडी थोडी चित्रे घेतली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. बीज फुटते, वेल वर चढतो! ही छोटी फिल्म पाहून पैसे देणारा माणूस मिळाला. आजचे विद्यार्थी ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात, तो हाच. सर्टिफिकेट दाखवण्याआधी हातचे काम दाखवावे लागते.

दादरला मथुरा भवन नावाच्या घरात सारा पसारा मांडला गेला. ज्या रस्त्यावर हे काम झाले तो रस्ता आता दादासाहेब फाळके रोड म्हणून ओळखला जातो. आणि इथे आमच्या वाचक भगिनींनी एक नाव जरूर लक्षात ठेवावे, सरस्वतीबाई फाळके. पतीच्या कामासाठी या बाईंनी दागिने दिले. कोऱ्या फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे काम त्या रात्री अंधारात करत. फिल्म धुण्याची रसायने मिसळायला शिकल्या. उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा. आणि हे सारे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच अंगावर होता. आजच्या भाषेत त्या लॅब टेक्निशियन होत्या, लाइटिंग असिस्टंट होत्या आणि प्रॉडक्शनही सांभाळत होत्या. त्यांनी कोणत्याही कॉलेजात पाऊल टाकले नव्हते.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला.

संकोच सगळ्यांचाच होता

फिल्मच्या कामाकडे संशयाने पाहणे हा आपल्याच समाजाचा स्वभाव आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्यांनी १९१२ ची मुंबई आठवावी. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार होईना. ज्या बायकांना समाज वाईट म्हणे, त्यांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंखे साडी नेसून राणी झाले.

मात्र पुढे फार वेळ लागला नाही. उर्दू रंगभूमीवर काम केलेल्या फातमा बेगम यांनी १९२६ साली स्वतःची फिल्म कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतातील पहिली महिला दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. दादरच्या रणजित स्टुडिओच्या उभारणीत १९२९ साली चंदुलाल शाह यांच्याबरोबर गोहर कय्यूम मामाजीवाला होत्या. त्या नटी म्हणून प्रसिद्ध होत्या आणि स्टुडिओचा कारभारही पाहत. आपल्या मुलींना हा इतिहास माहीत असावा, म्हणून तो इथे सांगितला.

गिरगावात पडदा बोलू लागला

चित्र आले, यंत्र आले, राहिला आवाज. तोही गिरगावातच आला. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात आर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला. नायिका होती झुबेदा, फातमा बेगम यांचीच कन्या. फकिराच्या भूमिकेतल्या वझीर मोहम्मद खान यांनी हिंदी पडद्यावरचे पहिले गाणे गायले. तिकिटांसाठी एवढी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले.

आवाज पकडणे मात्र सोपे नव्हते. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून शूटिंग रात्री, गाड्या बंद झाल्यावर. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकदम उतरत असल्याने चूक नंतर सुधारता येत नसे. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवावा लागे आणि वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसत.

आणि फाळके? त्यांचे 'सेतुबंधन' १९३२ मध्ये मूकपट म्हणून आले, तेव्हा लोकांना बोलपटाची चटक लागली होती. त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. त्यानंतर त्यांनी चित्रपट केला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा हाती फारसे काही नव्हते. एवढे शिकलेल्या माणसालाही काळ मागे टाकून गेला. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या मुलाने हे आधीच समजून घ्यावे. इथले शिक्षण डिग्रीबरोबर संपत नाही, आणि कमाईचा हिशेब नीट ठेवला नाही तर नाव राहते, पण घर चालत नाही.

आवाजाचे काम पुढे परळमध्ये बहरले. व्ही. शांताराम यांनी १९४२ साली तिथे राजकमल कलामंदिर उभारले. मंगेश देसाई यांनी राजकमलमध्ये बसून असंख्य चित्रपटांचे ध्वनिमिश्रण केले, 'शोले' हा त्यांतलाच एक. त्यांचा चेहरा किती जणांना ठाऊक आहे? पडद्यावर न येता, कॅमेऱ्यापुढे उभे न राहता, केवळ कानाच्या जोरावर इज्जतीची रोटी मिळवता येते, याचा हा दाखला.

घराने काय करावे?

मुलाचा किंवा मुलीचा कल खरा आहे की मोबाइलचा नाद आहे, हे आधी पाहावे. शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षा द्यायला लावाव्यात. खर्च थोडा असतो आणि हात किती तयार आहे ते कळते. पुढे जे. जे.ची उपयोजित कला संस्था आहे. पुण्यात १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे ध्वनीचे स्वतंत्र शिक्षण मिळते. खासगी क्लासेस गल्लोगल्ली आहेत. तिथे हजारो रुपये भरण्याआधी आधीच्या विद्यार्थ्यांचे काम पाहायला मागावे आणि ते आज काय करतात ते विचारावे.

अभिनय म्हणजेच फिल्म, हा गैरसमज सोडावा. संकलन, अक्षरांकन, अ‍ॅनिमेशन, शाळेच्या धड्यांचे व्हिडिओ, पुस्तकांची मुखपृष्ठे, उपशीर्षके, दाराचा-पावलांचा आवाज नंतर भरणे, अशी किती तरी कामे आहेत. मुंबईतल्या एक टाइप या संस्थेने तयार केलेला 'बलू' हा अक्षरसंच अनेक भारतीय लिप्यांत आहे आणि त्याच्या उर्दू रूपाचे नाव आहे 'बलू भाईजान'. ज्या घरात कुणी आजोबा-पणजोबा कातिब होते, त्या घरातल्या मुलीने कॉम्प्युटरवर नस्तालिक अक्षर घडवले तर ती घराचाच हुनर पुढे नेते.

आणि एक काम आजच सुरू करता येईल. 'राजा हरिश्चंद्र'ची आज पहिली आणि शेवटची रीळेच उरली आहेत. 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही. पहिला बोलका चित्रपट, आणि त्याचा आवाज कायमचा गेला! लालबाग-परळच्या गिरण्यांचा भोंगाही असाच गेला. त्या गिरण्यांच्या साच्यांवर मुसलमान विणकरांचीही हयात गेली. १९८२ चा संप पाहिलेले काही बुजुर्ग अजून आपल्या घरांत आहेत. तुमच्या मुलाला मल्टिमीडिया शिकायचे असेल, तर त्याला सांगा : आधी दादांजवळ बस. पंखा बंद कर, खिडकी लाव, मोबाइल त्यांच्याजवळ ठेव आणि त्यांना बोलू दे. साच्याचा आवाज कसा होता, पहिला पगार किती होता, संपात चूल कशी पेटली, हे सगळे विचार. नानीकडून तिच्या गावची बोली आणि लग्नातली गाणी रेकॉर्ड कर. मग त्याला जुने फोटो जोड, नाव चांगल्या अक्षरांत लिही, आणि दोन प्रती दोन ठिकाणी जपून ठेव.

दहा मिनिटांची ही फिल्म नीट झाली, तर मुलाला हे काम जमते की नाही, ते अम्मी-अब्बांना कळेल. आणि नाही जमली, तरी दादांचा आवाज घरात राहील.