गुडघा नवा, दक्षता पोटरीची

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली. न्यूयॉर्कस्थित अस्थिशल्यविशारद डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती केली. त्यानंतर अल्पावधीतच, १ नोव्हेंबर रोजी, छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. जून २००१ मध्ये वाजपेयींचा उजवा गुडघाही बदलण्यात आला आणि ‘गुडघेरोपण’ हा शब्द घरोघरी पोहोचला. २०१८ साली त्यांच्या निधनानंतर नवा रायपूर या नियोजित राजधानीच्या नावाला ‘अटल नगर’ ही जोड मिळाली.

या परिसरातील मराठी कुटुंबांतही आता ही शस्त्रक्रिया अपूर्वाईची राहिलेली नाही. कोणी रायपुरातच ती करून घेतात, तर कोणी नातलगांच्या आधाराने नागपूर गाठतात. २०१७ साली केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली व सर्वाधिक वापरातील सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये (कर वगळून) ठरविली. खर्चाची चिंता त्यामुळे थोडी हलकी झाली. घरी परतल्यानंतरच्या काही आठवड्यांचा विचार मात्र अजूनही फारसा होत नाही, आणि खरी जोखीम नेमकी तेथे असते.

रक्त शिरेतच का गोठते, याची तीन कारणे वैद्यकशास्त्र जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरशॉ यांच्या नावाने ओळखते : प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकत्र येतात. पायाकडील रक्त हृदयाकडे वर चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. रुग्ण निजून राहिला की हा पंपच थांबतो. पोटरीत वा मांडीत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर जीवावर बेतते. पूर्वी प्रतिबंधक उपचारांवाचून राहिलेल्या रुग्णांच्या शिरांची तपासणी केली असता शंभरांतील चाळीस ते साठ जणांत गुठळ्या आढळत. त्यांतील बहुतेक निमूटपणे विरघळत, हे खरे. पण कोणती विरघळणार, हे आधी कोणास सांगता येणार?

म्हणूनच रुग्णाला शक्यतो त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी आधार देऊन चालविले जाते. घरी मात्र प्रेमापोटी चित्र उलटते. ‘आता स्वस्थ पडून राहा, पाणीसुद्धा हातात आणून देऊ,’ असे सुना-मुले आग्रहाने सांगतात. वास्तविक दर तासाला वॉकर घेऊन चार पावले चालणे आणि बसल्या जागी पाऊल वर-खाली हलविणे, हेच खरे औषध होय. नागपूरहून रायपूरला परतताना सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास घडतो. तो केव्हा करावा, हे शल्यविशारदांना विचारावे आणि वाटेत अधूनमधून उतरून चालावे.

रक्त पातळ ठेवणारे औषध सामान्यतः किमान दहा ते चौदा दिवस, काही रुग्णांना पस्तीस दिवसांपर्यंत दिले जाते. रुग्ण त्याआधीच घरी येतो. टाके निघाले, दुखणे थांबले की गोळ्याही थांबविण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘शेजाऱ्यांना साधी ॲस्पिरिन दिली, मग आपल्याला महागडे इंजेक्शन का?’ हा प्रश्नही नेहमीचा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ३.४५ टक्के, तर एनॉक्सापॅरिन इंजेक्शन घेणाऱ्यांत १.८२ टक्के रुग्णांना लक्षणे देणाऱ्या गुठळ्या झाल्या. ॲस्पिरिन अनेकांना चालते, परंतु कोणाला, हा निर्णय डॉक्टरांचा. पूर्वीची गुठळी, कर्करोग, पोटातील व्रण, आधीपासून चालू असलेली औषधे यांची माहिती त्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच द्यावी. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. वॉरफरिन चालू असल्यास पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये. भाज्यांनी समृद्ध अशा छत्तीसगडात हे पथ्य थोडे कठीणच!

एका पोटरीची सूज वाढली, ती दुखू लागली, उष्ण वा लालसर झाली, तर घरातील पहिला उपाय म्हणजे तेलाची वाटी. तो मुळीच करू नये. चोळण्याने गुठळी सुटण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतर पायाला थोडी सूज असतेच, त्यामुळे संशय आला तरी डॉप्लर तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा भोवळ येणे, यांपैकी काहीही घडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेथील डॉक्टरांना शस्त्रक्रियेची तारीख सर्वप्रथम सांगावी. कारण तक्रार छातीची असताना गुडघ्याचा उल्लेख घाईत हमखास राहून जातो.