पद्मिनीला घाट चढू द्या

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली. तेव्हा हळहळ पुष्कळ व्यक्त झाली, पण या टॅक्सीनं काय सिद्ध केलं ते फारसं कुणी बोललं नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातलं उत्पादन थांबल्यानंतरही या गाड्या मे महिन्याच्या उकाड्यात आणि जुलैच्या तुंबलेल्या पाण्यात रोज धावत होत्या, कित्येक तर दोन पाळ्यांत. त्याच बनावटीच्या, १०८९ सीसीच्या त्याच इंजिनाच्या खासगी पद्मिनी मात्र सोसायटीच्या आवारात कव्हराखाली उभ्या राहिल्या आणि उभ्या उभ्याच बसल्या.

जुनी गाडी धावून झिजते, त्याहून अधिक ती उभी राहून बिघडते. आवडती जुनी गाडी लांबच्या प्रवासाला न्यायला जे कचरतात, त्यांच्याशी बोलताना मी सुरुवात इथूनच करतो.

उभ्या गाडीत नेमकं होतं काय? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजू लागतात. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, तळाशी चिकट थर उरतो आणि तोच पुढे जेटमध्ये अडकतो. ऑइल सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. मग वर्षातून एकदा मालक हौसेनं गाडी काढतो. ती जेमतेम खोपोलीपर्यंत जाते, टोचन लावून परत येते आणि ‘जुन्या गाडीचा भरवसा नाही’ हे घरात कायमचं ठरून जातं. हा दोष गाडीच्या वयाचा नाही.

म्हणून प्रवासाची तयारी वर्षभर आधी सुरू होते. आठवड्यातून एकदा तीस-चाळीस किलोमीटर, इंजिन पुरतं तापेपर्यंत, गाडी चालवली पाहिजे. रविवारी सकाळी जागेवरच पाच-दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, ती गाडीच्या हिताची नाही. सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी तेवढ्यानं उडत नाही, ते तिथेच राहून पत्रा खातं. शिवाय आठवड्याच्या त्या फेरीत मालकाचे कान तयार होतात. जुन्या गाडीचा हा मोठा गुण आहे: ती सहसा अचानक दगा देत नाही. बेअरिंग आधी गुणगुणतं, क्रॉस आधी टकटकतो, वॉटर पंप आधी थेंब थेंब गळतो. रोजचा आवाज ज्याला पाठ आहे त्याला बदललेला आवाज लगेच कळतो, आणि निश्चिंतपणा खरा येतो तो तिथून.

दुसरा नियम अनुभवी मेस्त्री हटकून सांगतात: निघायच्या आदल्या दिवशी गाडी उघडायची नाही. क्लच, ब्रेक, कार्ब्युरेटर, जे काही मोठं काम असेल ते किमान दोन आठवडे आधी उरकावं आणि नंतर दोन-तीनशे किलोमीटर गाडी घराच्या आसपासच फिरवावी. सैल राहिलेला नट, नीट न बसलेला होजपाइप, नव्या गॅस्केटमधून झिरपणारं ऑइल, सगळं त्यात उघडं पडतं. स्पेअर पार्टांचंही तेच. हल्ली बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर आणि पॉइंट पूर्वीच्या दर्जाचे असतीलच असं नाही. डबीतला कोरा पार्ट डिकीत टाकून निघालं, की आडरानात तोच निकामी निघण्याची भीती असते. पार्ट आधी गाडीला लावावा, शंभरेक किलोमीटर चालवून पाहावा, मग काढून स्पेअर म्हणून ठेवावा. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने अस्सल पार्ट अजून सापडतात. त्यासाठी घातलेला वेळ वाया जात नाही.

आता घाटाकडे. आपल्याकडे कुठेही जायचं म्हटलं तरी घाट येतोच आणि जुन्या गाडीच्या मालकाला खरी धास्ती असते गाडी तापण्याची. पद्मिनीचं इंजिन चाळिसेक अश्वशक्तीचं. रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर, म्हणजे इंजिन जितकं फिरेल तितकाच तो फिरणार. वॉटर पंपाचंही तसंच. बोरघाटात तिसऱ्या गिअरवर पाय दाबून गाडी रेटत नेली, तर इंजिनावर ओझं पूर्ण, पण पंखा आणि पंप मात्र मंद. काटा वर चढणारच. अशा वेळी लगेच दुसरा गिअर टाकावा. आवाज वाढतो, शेजारी बसलेल्यांना वाटतं गाडीला त्रास होतोय. प्रत्यक्षात तिला तेव्हाच बरं वाटत असतं: वारा वाढतो, पाणी वेगानं फिरतं.

उंचीचाही परिणाम असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३७० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी शंभर अंशांऐवजी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून हा उकळबिंदू वर नेतं. त्यातलं रबरी वायसर कडक झालं, की दाब टिकत नाही आणि एरवी चांगली असलेली गाडी घाटमाथ्यावर वाफा सोडू लागते. एवढ्याशा झाकणापायी हेड गॅस्केट जाऊ शकतं. प्रवासाआधी झाकण नवं घालावं, रेडिएटर आतून साफ करून घ्यावा आणि विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी कुलंट भरावं. वाटेत गाडी तापलीच, तर झाकणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. कास्ट आयर्नचा ब्लॉक त्यानं तडकू शकतो. अर्धा-पाऊण तास थांबणं हाच उपाय, आणि तेवढा वेळ बेतात आधीच धरलेला असावा.

आणखी एक प्रकार असा, की गाडी सुखरूप घाट चढते, चहाला थांबते आणि मग सुरूच होत नाही. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, आतली उष्णता बॉनेटखाली कोंडते आणि इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या पेट्रोल पंपात, ज्याला मेस्त्री एसी पंप म्हणतात, पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढू शकत नाही. याला आपल्याकडे एअर लॉक म्हणतात. चहाला थांबलं की बॉनेट उघडं ठेवावं, हा त्यावरचा साधा बंदोबस्त. गाडी अडलीच, तर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवून दहा-पंधरा मिनिटं वाट पाहावी. तोवर सेल्फ मारत बसलं, की बॅटरीही उतरते आणि एका अडचणीच्या दोन होतात.

पेट्रोल बदललं, ही गोष्ट बरेच मालक अजून मनावर घेत नाहीत. शिसं असलेलं पेट्रोल देशात २००० सालीच बंद झालं आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या फुगतात, मऊ पडतात, एसी पंपाचा पडदा चिरतो. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची गळती म्हणजे थेट आगीचा धोका. सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घेणं, याला मी खर्च मानत नाही, ती पूर्वअट आहे. जोडीला आग विझवण्याचा छोटा सिलिंडर हवा, तोही डिकीत सामानाखाली दडपलेला नव्हे, ड्रायव्हरच्या हाताशी. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यानं त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं आणि अडखळतं. ट्यूनिंग करताना मेस्त्रीला हे आवर्जून सांगावं.

ठिणगीचा भाग त्या मानानं सोपा. डेल्कोतले, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप आणि कॉइल एवढे जिन्नस, दोन-चार प्लग, फॅनबेल्ट, होजपाइप, क्लिपा, वायर, चिकटपट्टी आणि पंपाचं किट, हे सगळं एका छोट्या पेटीत मावतं. पेटीइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्यातला प्रत्येक पार्ट स्वतःच्या हातानं एकदा बदलून पाहिलेला असणं. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी असते. फीलर गेज धरून ती लावायला कोणताही मेस्त्री तासाभरात शिकवतो.

आता मुद्दा आधुनिक बदलांचा. डेल्कोत इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, रेडियल टायर, असे बदल केले की गाडी ‘खरी’ राहत नाही, असं मानणारे शौकीन आहेत. मला ते पटत नाही. जो बदल उद्या उलटा करता येतो आणि ज्याचा मूळ पार्ट खोक्यात जपून ठेवला आहे, तो गाडीचं काहीच हिरावून घेत नाही. डायनॅमो तर कमी फेऱ्यांवर चार्जच करत नाही. रात्री वाहतुकीत अडकल्यावर दिवे आणि वायपर मिळून बॅटरी रिकामी करतात. मात्र इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं, तरी जुन्या पॉइंटची प्लेट डिकीत असू द्यावी. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा बंद पडला, तर गावातल्या गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही. पॉइंट कुठेही घासून चालू करता येतात.

ब्रेकच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड नको. चारही चाकांना ड्रम. लांब उतारावर पाय ठेवून राहिलं, की ड्रम तापून पसरतो, लायनरची पकड सुटते आणि पॅडल जागेवर असूनही गाडी थांबत नाही. त्यात जुनं ब्रेक ऑइल. डॉट ३ प्रतीचं कोरडं ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल शोषलेलं १४० अंशांच्या आसपासच. उकळून बुडबुडे झाले, की पॅडल थेट तळाला जातं. साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांची ब्रेकलाइन एकच असल्यानं एका ठिकाणची गळती सगळे ब्रेक घालवते. ऑइल दर वर्षी बदलावं आणि उतरताना गिअर तोच ठेवावा, ज्यावर तो घाट चढावा लागला असता. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नये. बाजूवर कोरलेले चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कव्हराखालच्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, पण रबराचं वय होतंच.

कागदपत्रांत एक गोष्ट निघण्याआधी नव्हे, गाडी घेतानाच ठरवावी लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पाटी मानाची आहे, पण अशी गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापरासाठी नाही. ज्याला सहलीला जायचंय त्यानं साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी पासिंग करून चालू ठेवावी, असं माझं मत. दिल्ली आणि परिसरात जुन्या पेट्रोल गाड्यांवर वयाची बंधनं आलेली आहेत. उत्तरेकडे जायचं असेल तर त्या वेळचा नियम पाहूनच बेत करावा. विम्यात पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीनं ठरते. गाडीचे फोटो, केलेल्या कामांच्या पावत्या आणि जाणकाराकडून करून घेतलेलं मूल्यांकन पुढे ठेवून योग्य रक्कम लिहून घ्यावी. हौशी गाड्यांचे मालक इथे आळस करतात आणि लाखमोलाची गाडी कागदावर भंगाराच्या भावात राहते.

चोरीची धास्ती असेल, तर मुक्कामी डेल्कोचं झाकण उघडून रोटर खिशात टाकावा. गाडी सुरू होणं शक्य नाही. गाडी थांबेल तिथे लोक जमतील, बॉनेटवरून हात फिरवतील, आमच्या आजोबांकडे हीच होती म्हणतील. त्यांना पाहू द्यावं, मुलांना हँडलचा गिअर दाखवावा. रंगावर एखादा ओरखडा येईल, खडी उडून टवका जाईल. तो रंगवता येतो. अहमदाबादच्या एका कुटुंबानं २०२३ साली १९५० ची ‘लाल परी’ नावाची एमजी गाडी थेट इंग्लंडमध्ये, ती जिथे बनली त्या अ‍ॅबिंग्डनला चालवत नेली. काचेच्या दालनात ठेवून त्या गाडीचं मोल एवढं वाढलं नसतं.

पहिल्या मोठ्या फेरीसाठी मी डिसेंबर-जानेवारीतला मुंबई-गोवा मार्ग सुचवेन, आणि तोही कोल्हापूरवरून. एक्स्प्रेसवे टाळून जुन्या हायवेनं पहाटे बोरघाट चढावा, थंड हवेत इंजिन खूश असतं. पुढे खंबाटकीची चढण आणि मग कोल्हापूरपर्यंत चांगला रस्ता. साठ-सत्तरच्या वेगानं डावीकडून जावं, दर दीड-दोन तासांनी थांबून पाणी, ऑइल पाहावं आणि चाकाच्या हबला हात लावावा. एखादा हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला, तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. समृद्धी महामार्गासारखा सरळसोट काँक्रीटचा रस्ता जुन्या टायरना आणि चारच गिअरच्या इंजिनाला मानवत नाही. तासन्‌तास एकाच चढ्या फेऱ्यांवर इंजिन ठेवण्यापेक्षा वळणाचा, गावागावांतून जाणारा रस्ता बरा, शिवाय तिथे पावलोपावली गॅरेज असतं. दुसऱ्या दिवशी आजऱ्यावरून आंबोली गाठावी. बोरघाट इंजिनाची परीक्षा घेतो, आंबोलीचा उतार ब्रेकची. सावंतवाडीपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरावं, मग बांद्यावरून गोवा जवळच. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, आणि पहिल्या दिवशी कितीही उत्साह असला तरी कोल्हापूरच्या पुढे जायचा हट्ट धरायचा नाही.