परदेशी जोडीदाराला भारतात बोलावताना

परदेशी जोडीदारासाठी भारताचा व्हिसा निवडायचा, तर दोघांचे नाते कागदावर काय आहे हे आधी पाहावे लागते. भारताच्या व्हिसा नियमांना पती आणि पत्नी माहीत आहेत. प्रियकर, प्रेयसी, साखरपुडा झालेले वधू-वर किंवा लग्नाशिवाय एकत्र राहणारे जोडीदार यांच्यासाठी वेगळा प्रकार नाही. अमेरिकेत लग्नासाठी येणाऱ्या वाग्दत्त जोडीदाराला के-1 हा स्वतंत्र व्हिसा मिळतो. ब्रिटनमध्येही लग्नापुरते येणाऱ्याचा व्हिसा निराळा आहे. भारतात तशी सोय नाही. बर्लिनमध्ये सहा वर्षे एका घरात संसार करणारे जोडपे मावसभावाच्या लग्नाला पुण्याला निघाले आणि त्यांचे स्वतःचे लग्न नोंदवलेले नसेल, तर त्यातला जर्मन जोडीदार व्हिसाच्या दृष्टीने पर्यटकच असतो.

यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही आणि काही लपवायचेही कारण नाही. पर्यटक व्हिसा फक्त ताजमहाल पाहणाऱ्यांसाठी असतो हा समज चुकीचा आहे. फिरणे, मित्रांना किंवा नातेवाइकांना भेटणे, योगाचा छोटा अभ्यासक्रम करणे हे सगळे त्याच व्हिसात बसते. अर्जात भेटीचा हेतू विचारला जातो, तिथे मित्र-नातेवाइकांना भेटण्याचा पर्याय असतो आणि ज्याच्याकडे जायचे त्याचे नाव, पत्ता, फोन लिहायचा असतो. अविवाहित जोडीदाराने हाच पर्याय घ्यावा. लग्न झालेले नसताना ‘पत्नी’ किंवा ‘पती’ असे लिहिणे मात्र महागात पडते. पुढे खरेच लग्न झाले आणि पतिपत्नी म्हणून अर्ज केला, की जुन्या अर्जातली खोटी नोंद समोर येते.

बहुतेकांना हा व्हिसा घरबसल्या मिळतो. भारताने नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू केलेली ऑनलाइन व्हिसाची सोय आज दीडशेहून अधिक देशांच्या नागरिकांना खुली आहे. ई-टुरिस्ट व्हिसा 30 दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा अशा तीन मुदतींचा असतो. पासपोर्ट भारतात पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. अर्ज भरताना संकेतस्थळाच्या पत्त्यात ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, हे पाहून घ्यावे. हुबेहूब सरकारी दिसणारी, पण दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी पाने पुष्कळ आहेत.

मंजुरी ई-मेलने येते. त्या कागदाला ईटीए म्हणतात. तो छापून जवळ ठेवावा आणि त्याच्यावरच्या तारखा नीट वाचाव्यात, कारण घोटाळा तिथेच होतो. 30 दिवसांच्या व्हिसाच्या कागदावर जी शेवटची तारीख असते, ती भारतात पाऊल ठेवण्याची मुदत असते. 30 दिवस मोजायचे ते विमानतळावर उतरल्या दिवसापासून. एक वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या व्हिसाचे गणित उलटे आहे. तिथे मुदत मंजुरीच्या तारखेपासूनच धावू लागते, प्रवास कधीही करा. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षे मुक्काम असेही नव्हे. बहुतेक देशांच्या नागरिकांना एका भेटीत सलग 90 दिवस राहता येते, तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांसाठी ही मर्यादा 180 दिवसांची ठेवलेली आहे.

मग कोणती मुदत घ्यावी? एका लग्नकार्यापुरते किंवा गणपतीच्या दहा दिवसांसाठी येणाऱ्याला 30 दिवस पुरतात. पण नाते टिकणारे आहे, आईवडील इकडे आहेत, दर एक-दोन वर्षांनी फेरी होणार आहे, अशा घरात पाच वर्षांचाच व्हिसा काढावा. जास्तीचे शुल्क एका खेपेतच वसूल होते, कारण ई-टुरिस्ट व्हिसाची मुदत भारतात राहून वाढवून मिळत नाही. ‘आजीचं ऑपरेशन झालं, अजून पंधरा दिवस राहते’ असे तिसाव्या दिवशी ठरवता येत नाही.

ई-व्हिसावर प्रवेश ठरावीक ठिकाणांहूनच होतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यातले दाबोळी व मोपा हे दोन्ही विमानतळ त्यांत आहेत, त्यामुळे महाराष्ट्र-गोव्याकडे येणाऱ्याची अडचण होत नाही. अडचण होते ती निराळीच. आई, वडील, आजी किंवा आजोबा पाकिस्तानचे असतील, तर पासपोर्ट ब्रिटिश असो की अमेरिकन, ई-व्हिसा मिळत नाही. त्या व्यक्तीने भारतीय वकिलातीमार्फत साधा, म्हणजे पासपोर्टवर चिकटवला जाणारा व्हिसा मागायचा असतो आणि त्याला आठवड्यांऐवजी महिने लागू शकतात. लंडनमध्ये वाढलेल्या कित्येकांना आजोबांच्या कागदांचा आपल्या प्रवासाशी काही संबंध असेल याची कल्पना नसते. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्याआधी हा प्रश्न घरात विचारून घ्यावा, संकोच वाटला तरी.

पर्यटक व्हिसावर नोकरी किंवा व्यवसाय करता येत नाही. जोडीदार एखाद्या परदेशी कंपनीत असेल आणि ‘पुण्याला जातोच आहेस, तर हिंजवडीच्या ऑफिसात दोन दिवस बैठकांना जाऊन ये’ असे वरिष्ठांनी सांगितले, तर त्या दोन दिवसांसाठी बिझनेस व्हिसा लागतो. मुख्य हेतू लग्नाचा आहे, बैठका जाता जाता होतील, हे स्पष्टीकरण विमानतळावर उपयोगी पडत नाही.

लग्न भारतातच करायचे असेल, तर व्हिसाआधी विवाह कायद्याचे दिवस मोजावेत. दोघांचे धर्म वेगळे असोत वा एक, नागरिकत्व वेगळे असताना सरळ मार्ग म्हणजे 1954 चा विशेष विवाह कायदा. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयात लावली जाते, हरकतींसाठी 30 दिवस जातात आणि त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर नोंदणी होते. नोटीस देण्यापूर्वी त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेले असावे लागते. इथे अनेक जोडपी उगाच घाबरतात. 30 आणि 30 मिळून साठ दिवस परदेशी जोडीदाराने भारतात काढायला हवेत, असे त्यांना वाटते. कायद्याला दोघांपैकी किमान एकाचा रहिवास पुरतो. वधू साताऱ्याचीच असेल, तर रहिवासाची अट तिच्यावरच पूर्ण होते. तरीही नोटिशीपासून नोंदणीपर्यंत महिना उलटतोच, त्यामुळे 30 दिवसांचा व्हिसा या कामाचा नाही. 90 दिवस राहू देणारा व्हिसा असावा. नोटिशीनंतर तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर नोटीस बाद होऊन सगळे पहिल्यापासून करावे लागते, हेही लक्षात ठेवावे. परदेशी व्यक्तीकडे ती अविवाहित असल्याचा किंवा घटस्फोटित असल्याचा तिच्या देशाचा दाखला मागितला जातो. तो निघण्यापूर्वीच तयार करून आणलेला बरा.

परदेशातच लग्न करणाऱ्यांसाठी, दोघांपैकी एक भारतीय नागरिक असेल तर, 1969 चा परदेशी विवाह कायदा आहे. त्याखाली भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न होऊ शकते. ज्या देशात राहतात तिथल्या कायद्याने लग्न करणारेही बहुसंख्य असतात. त्यांनी विवाहाच्या दाखल्यावर त्या देशाच्या सरकारचा अपोस्टील शिक्का घ्यावा. ही साधी पायरी राहिली, की भारतात आल्यावर प्रत्येक टेबलावर तोच कागद परत येतो.

विवाह नोंदला गेला, की ‘एक्स’ नावाचा एंट्री व्हिसा मागता येतो. भारतीय नागरिकाच्या किंवा भारतीय वंशाच्या व्यक्तीच्या परदेशी पती-पत्नीसाठी आणि मुलांसाठी तो आहे. तो वकिलातीमार्फत मिळतो. विवाहाचा दाखला आणि भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत हे त्याचे मुख्य कागद. अनेक वर्षांसाठी, वारंवार येण्या-जाण्याच्या मुभेसह तो दिला जातो. लांब मुक्काम करणाऱ्या विवाहित जोडीदारासाठी हाच योग्य व्हिसा आहे, आणि तरीही घाईत ई-टुरिस्ट काढून येणारे विवाहित पुष्कळ दिसतात. दोन आठवड्यांच्या भेटीला त्याने काही बिघडत नाही. पण बाळंतपणासाठी सासरी येऊन सात-आठ महिने राहायचे असेल, तर पर्यटक व्हिसावर ते होणारच नाही. साध्या व्हिसाची मुदत तो दिला गेला त्या तारखेपासून सुरू होते, हे विसरून प्रवासाच्या सहा महिने आधी अर्ज करू नये. एका मुक्कामात 180 दिवसांपेक्षा जास्त राहणार असेल, तर ठरलेल्या मुदतीत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात, म्हणजे एफआरआरओकडे नोंद करावी लागते. ती आता ऑनलाइन होते. एक्स व्हिसावर नोकरीची मुभा नसते.

पर्यटक म्हणून आलेल्या जोडीदाराचे भारतीय नागरिकाशी भारतात लग्न झाले, तर व्हिसा बदलून एक्स करण्याचा अर्जही एफआरआरओकडे करता येतो. मंजुरी गृहीत धरून परतीचे तिकीट रद्द करू नये.

समलिंगी जोडप्यांना मात्र हा मार्ग बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे काम संसदेवर सोडले. त्यामुळे नेदरलँड्समध्ये रीतसर लग्न झालेल्या भारतीय तरुणाच्या पतीलाही इकडे पर्यटक म्हणूनच यावे लागते. आईच्या आजारपणात दोघांना मिळून राहायचे असले, तरी त्याला दिवस मोजावे लागतात. हे दुःख खरे आहे आणि सध्याच्या नियमांत त्यावर उपाय नाही.

लग्न नोंदवून दोन वर्षे सलग टिकले, की परदेशी पती किंवा पत्नीला ओसीआय कार्ड मागता येते. 1955 च्या नागरिकत्व कायद्यातली ही तरतूद आहे. हे कार्ड म्हणजे आयुष्यभर येण्या-जाण्याचा व्हिसा. मग मुक्कामाचे दिवस मोजायचे नाहीत आणि नोकरीही करता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पती-पत्नी म्हणून अर्ज करणाऱ्याची सुरक्षा तपासणी होते, तेव्हा धीर धरावा लागतो. आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशचे नागरिक असतील, तर कार्ड मिळत नाही. आणि न्यायालयाने विवाह मोडला, तर या नात्यावर मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते. ते नागरिकत्व नव्हे, हे दोघांनीही समजून घ्यावे.

व्हिसा योग्य निवडला, तरी एक काम घरच्या माणसांकडे राहते, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. परदेशी पाहुणा ज्या जागी उतरतो, त्या जागेच्या मालकाने 24 तासांत त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवायची असते. हॉटेले हे रोज करतात. हाच नियम सांगलीतल्या मावशीच्या घरालाही लागू आहे. लोक आजही याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आणि अर्जाचे नाव बदलले, पण काम तेच राहिले. यजमानाने संकेतस्थळावर नोंदणी करून पाहुण्याचा पासपोर्ट, व्हिसा आणि मुक्कामाचा पत्ता भरायचा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते घरातल्या तरण्या मुलाकडे आधीच सोपवावे आणि मावशीला सांगावे, की पोलिसांचा फोन आला तर घाबरू नका, नोंद झालेली आहे. पाहुण्याने स्वतः करायची एक नोंदही 1 ऑक्टोबर 2025 पासून आली आहे : प्रवासापूर्वीच्या 72 तासांत ऑनलाइन आगमन पत्रक भरणे. त्याला शुल्क नाही.

मुदत संपूनही राहणे हा गुन्हा आहे. नव्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुढचा व्हिसा नाकारला जाण्याची भीती वेगळीच. आजारपण, अपघात, रद्द झालेले विमान अशा कारणाने खोळंबा झाला, तर मुदत संपण्याआधीच डॉक्टरांचा दाखला किंवा विमान कंपनीचे पत्र जोडून एफआरआरओच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. मुदत उलटून गेल्यावर देश सोडण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि ती हातात आल्याशिवाय विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी पुढे सोडत नाही.